फेब्रुवारीतले तीनशे रुपये

दर फेब्रुवारीत आमच्या ऑफिसच्या चॅटवर एक प्रश्न हमखास येतो. नवीन जॉइन झालेला कुणीतरी सॅलरी स्लिपचा स्क्रीनशॉट टाकतो आणि विचारतो, "पीटी या महिन्यात तीनशे का कापलाय?" जुन्यांपैकी कुणीतरी उत्तर देतो, "अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. दरवर्षीचंच आहे." मग अंगठ्याचे दोन-चार इमोजी पडतात आणि विषय संपतो.

पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, व्यवसाय कर. इन्कम टॅक्सवर आम्ही जेवणाच्या सुट्टीत तासभर भांडू शकतो, जुनी रिजीम बरी की नवी यावर मैत्री तुटू शकते, पण या दोनशे रुपयांवर कुणी अवाक्षर काढत नाही. मीही नोकरीची पहिली पाच वर्षं असंच धरून चाललो होतो की हे पैसे महापालिकेला वगैरे जात असतील.

शोध घ्यायची वेळ आली ती लाडकी बहीणमुळे. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर आमच्या टेबलावर एक वाक्य रोज ऐकू यायला लागलं: "आपण टॅक्स भरायचा आणि यांनी फुकट वाटायचा." बोलणारे वाईट नाहीत. त्यांच्यापैकी एकजण कामवालीच्या मुलीची फी भरतो, तेही कुणाला न सांगता. पण वाक्य तेच. मला एवढंच बघायचं होतं की शहरातल्या पगारदाराच्या खिशातला नक्की कोणता रुपया गावातल्या गरिबासाठी म्हणून कापला जातो. उत्तर अनपेक्षित निघालं. स्लिपवरच्या ज्या ओळीकडे कुणीच बघत नाही, तीच ती ओळ. व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली आणला गेला तो रोजगार हमी योजनेचा खर्च भागवायला. म्हणजे माझी आजी १९७२च्या दुष्काळात ज्या कामावर खडी फोडत होती, त्या कामातून पुढे जे उभं राहिलं, त्याचा हप्ता मी दर महिन्याला भरत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

१० मार्च २०२५ला राज्याचा अर्थसंकल्प होता. सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्याकडे होतं: पंधराशेचे एकवीसशे होणार का? जून २०२४मध्ये लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सांगितलं होतं. निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी २,१०० रुपयांचा शब्द दिला, विरोधकांनी ३,००० चा. निवडणूक झाल्यावर अर्जांची छाननी सुरू झाली आणि लाखांच्या घरात नावं गळायला लागली. कल्याणकारी खर्चाची चर्चा म्हणजे सध्या एवढंच: किती आणि कुणाला. पन्नास वर्षांपूर्वी याच विधिमंडळात हीच चर्चा वेगळ्या प्रश्नावरून झाली होती. पैसा कुठून आणायचा, तो दुसरीकडे वळू नये म्हणून काय करायचं आणि तो मागायचा हक्क कुणाला द्यायचा.

आमचं गाव माणदेशात. पावसाची नक्षत्रं आमच्याकडे पाहुण्यासारखी येतात, चहा घेऊन निघून जातात. १९७२ला तर तीही आली नाहीत. खरं म्हणजे त्याच्या आधीची दोन वर्षंही धड नव्हती. आजी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, माझे वडील सहा वर्षांचे. घरातली बैलजोडी आधीच विकलेली. गावापासून तीन कोसांवर रस्त्याचं काम निघालं आणि अर्धं गाव तिकडे गेलं. आजी सांगते, "खडी फोडून फोडून हाताला घट्टं पडली व्हती. तुझा बा बाभळीखाली लुगड्याच्या झोळीत निजायचा. न्हाई म्हटलं तरी सहा वरसाचा घोडा, पण उन्हात ठिवायचा कुठं?" दिवसाला दोन-अडीच रुपये मिळायचे, मोजमापावर. खायला लाल मिलो ज्वारी आणि मुलांना सुकडी. मिलोची भाकरी अजून कुणी आणून दाखवली तर आजी ताट सरकवेल, याबद्दल मला शंका नाही.

आजी ज्या कामावर होती तशी कामं राज्यभर निघाली होती. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध, खडी. मे १९७३मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. तेव्हा राज्याची सगळी लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास होती. दर दहा माणसांतलं एक माणूस, लहान मुलं आणि म्हातारे मोजूनसुद्धा, सरकारच्या हजेरीपटावर होतं. धान्याचं उत्पादन निम्म्याहूनही खाली गेलेलं असताना महाराष्ट्रात त्या वर्षी बंगालसारखा दुष्काळ पडला नाही, माणसं मोठ्या संख्येनं भुकेनं मेली नाहीत, आणि त्याचं मोठं कारण ही कामं होती. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्यावर पुढे तपशीलवार लिहिलं, आणि दुष्काळ निवारणाच्या जगभरच्या अभ्यासात १९७२-७३चा महाराष्ट्र आजही उदाहरण म्हणून येतो.

दुष्काळी कामं काढायची पद्धत आपण शोधलेली नाही, ती इंग्रजांच्या काळातली. १८७६-७८च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबानं मजुरी ठरवली. खर्च वाचवायचा हा उद्देश होता, आणि काम मुद्दाम घरापासून लांब ठेवायचं, म्हणजे खरोखर उपाशी असलेलाच येईल, अशी त्यामागची चाळणी. मुंबई इलाख्यात मजूर कामं सोडून निघून गेले होते आणि पुणे सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली होती. पुढे दुष्काळ संहिता झाल्या, नियम थोडे माणसात आले. पण गाभा तोच राहिला. दुष्काळ आहे की नाही हे सरकार ठरवणार, कामं कधी काढायची ते सरकार ठरवणार, पाऊस पडला की कामं बंद. मजुरानं फक्त रांगेत उभं राहायचं.

हा गाभा उलटा करायची कल्पना आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यातून आली, हे मला अलीकडे कळलं. वि. स. पागे हे तासगावचे गांधीवादी कार्यकर्ते, १९६० ते १९७८ एवढा काळ विधान परिषदेचे सभापती. त्यांचं म्हणणं साधं होतं: गावात ज्याला अंगमेहनतीचं काम करायची तयारी आहे, त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी असली पाहिजे, दुष्काळ असो वा नसो. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ते ऐकून घेतलं आणि १९६५मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात प्रयोग झाला. मग काही ठिकाणी तो वाढवला गेला. १९७२मध्ये राज्यभर योजना जाहीर झाली आणि नेमका तेव्हाच दुष्काळ आल्यामुळे सगळी यंत्रणा दुष्काळी कामांत गेली. दुष्काळ ओसरल्यावर १९७४मध्ये योजना परत सुरू झाली. मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या होत्या. ५० लाख लोकांना काम देता येतं हे प्रशासनाला कळलं होतं. आणि काम मागता येतं हे ५० लाख लोकांना कळलं होतं. शहाद्याची श्रमिक संघटना, लाल निशाण पक्ष, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, सगळे मजुरांच्या मोर्च्यांत होते. नुसत्या एका सज्जन सभापतींच्या कल्पनेवर कायदा झाला असं मानणं मला जरा भाबडं वाटतं.

प्रश्न पैशाचा होता. काम मागेल त्याला द्यायचं म्हटलं की किती जण मागतील हे आधी सांगता येत नाही, आणि अर्थखात्याला अशा गोष्टींचा तिटकारा असतो. उत्तर म्हणून नवीन कर बसवले गेले, आणि ते सांगून बसवले गेले. पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर. मोटार वाहनांवर जादा कर. विक्रीकरावर अधिभार. बागायती जमिनीवर उपकर. शहरांतल्या बिगर-निवासी इमारतींवर उपकर. या सगळ्यांतून जेवढे पैसे जमतील तेवढीच भर राज्य सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून घालायची. नोकरदार, गाडीवाले, दुकानदार, बागायतदार: ज्यांच्याकडे थोडंफार आहे त्यांनी ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या मजुरीचा खर्च उचलायचा, असं ते उघड होतं. शहरानं कुरकुर केली, पण कर भरला.

मग कायदा. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७, दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर. राष्ट्रपतींची संमती वगैरे होऊन अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ला. मंजुरीच्या वेळी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते, अंमल सुरू झाला तेव्हा शरद पवार. म्हणजे मधे सरकार पडलं, वसंतदादांचंच सरकार, आणि तरी कायदा टिकला. आजच्या राजकारणाकडे बघता मला ही बाब सगळ्यात नवलाची वाटते.

त्या कायद्यातल्या तरतुदी मी एका रविवारी बसून वाचल्या. सरकारी मराठी वाचताना डोळ्यांवर झापड येते, पण इथे आली नाही. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर १५ दिवसांत काम द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता किती, तर दिवसाला किमान एक रुपया. रक्कम हास्यास्पद होती, पण तिच्यामुळे काम न देणं ही सरकारची चूक ठरत होती आणि त्या चुकीला दंड होता. मोजमापाचे दर बाई-पुरुषांना एकच. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान मुलांची सोय. लुगड्याच्या झोळीतल्या सहा वर्षांच्या घोड्याची आठवण कुणीतरी ठेवली होती. आणि पैशासाठी रोजगार हमी निधी, वेगळा. कर त्यात जमा व्हायचे, सरकारची भर त्यात पडायची, आणि वर्षअखेरीला उरलेला पैसा इतर योजनांसारखा परत जायचा नाही.

अर्थसंकल्पाच्या भाषेत याचा अर्थ असा की अर्थमंत्र्याच्या हातातून एक कप्पा काढून घेतला होता. कुठलंही सरकार येवो, मार्चमध्ये कुठल्याही घोषणा होवोत, हा पैसा याच कामाचा. इतर सगळ्या कल्याणकारी योजना दरवर्षी अर्थमंत्र्यापुढे हात पसरतात. निराधार बायकांना आणि म्हाताऱ्यांना पैसे देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०ची, अंतुलेंच्या काळातली. तिची रक्कम वाढायला प्रत्येक वेळी कुठल्या तरी सरकारची मर्जी लागली. रोजगार हमीचं तसं नव्हतं. निदान कागदावर तरी.

कागदाखाली काय झालं, ते आता.

पहिलं म्हणजे चोरी. "रोजगार हमी, अर्धं तुम्ही अर्धं आम्ही" ही म्हण आमच्या भागात लहान मुलांनाही पाठ होती. बोगस हजेरीपट, मेलेल्या माणसांच्या सह्या, न खोदलेल्या नाल्यांची मोजमापं. विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरायची, कामं तपासायची. समिती येणार म्हटलं की पाटबंधाऱ्याच्या साहेबांची तारांबळ उडायची, असं वडील सांगतात.

चोरीबद्दल सगळे बोलतात, म्हणून तिथे मी थांबत नाही. कामांचा फायदा कुणाला झाला, याबद्दल कमी बोललं जातं. पाझर तलावाचं पाणी ज्याच्या विहिरीत उतरतं त्याची जमीन असावी लागते. अमेरिकी अभ्यासक रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३मध्येच लिहून ठेवलं होतं की ही योजना मजुरांना मजुरी देते आणि जमीनवाल्यांना मालमत्ता. आमच्याच घरात त्याचा पुरावा आहे. १९९०च्या सुमारास फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली: शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात झाडं लावायची आणि लागवडीचा खर्च योजनेतून. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा आणि आमच्याकडची डाळिंबं यातून वाढली. चुलत्यांनी तीन एकर डाळिंब त्याच योजनेत लावलं. खड्डे त्यांनी स्वतः आणि गावातल्या भूमिहीन मंडळींनी खोदले. बाग फळाला आल्यावर चुलत्यांनी स्लॅबचं घर बांधलं. खड्डे खोदणारे अजून पत्र्यात आहेत. पुढे तेल्या रोगानं आमची बागही गेली, पण घर राहिलं. योजनेनं माणदेशाचं रूप पालटलं हे खरं आहे, आणि ते कुणासाठी जास्त पालटलं हेही.

मग १९८८. त्या वर्षी शेतमजुरांचं किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि रोजगार हमीची मजुरी त्याच्याशी जोडलेली असल्यामुळे तीही वाढली. मजुरांच्या बाजूनं मोठा विजय. पण त्यानंतर कामावरच्या मजुरांची संख्या घटत गेली. जास्त मजुरी मिळत असताना कमी लोक कामावर कसे येतात? मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३च्या एका शोधनिबंधात याचाच छडा लावला. लोक कमी आले नव्हते, कामं कमी काढली जात होती. खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून नव्या कामांना मंजुरी मिळेना, आणि जवळ काम सुरू नसेल तर मागायला कोण जातं? हमी कायद्यात होती तशीच होती. कुणी एक कलमही बदललं नव्हतं. विधानसभेत एकही मत पडलं नव्हतं. कपात झाली ती तहसील कचेरीच्या टेबलावर. तिकडे निधीचंही तेच. गोळा झालेला सगळा पैसा निधीत वर्ग होत नाही आणि वर्ग झालेला सगळा खर्च होत नाही, हा आक्षेप पुढे अनेक वर्षं विधिमंडळात आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालांत येत राहिला.

आणि याच १९८८मध्ये आणखी एक गोष्ट झाली, जिचा माझ्या सॅलरी स्लिपशी थेट संबंध आहे. व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त किती घ्यायचा, हे राज्य सरकार ठरवत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६मध्ये तो आकडा लिहिलेला आहे. मूळ घटनेत २५० रुपये. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं तो २,५०० केला. त्यानंतर आजतागायत तोच. आम्ही प्रोग्रॅमर लोक याला हार्डकोड करणं म्हणतो आणि ज्युनिअरनं असं केलं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची शाळा घेतो.

हिशेब करून बघा. १९८८मध्ये नवी मजुरी विभागानुसार साधारण १२ ते २० रुपये होती. म्हणजे एका माणसाच्या कमाल व्यवसाय करातून एका मजुराची किमान १२५ दिवसांची मजुरी निघाली असती. २०२४-२५मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. माझ्या अडीच हजारांत एका मजुराचे आठ दिवस भागायचे. नववा दिवस पुरा व्हायचा नाही. आणि हे अडीच हजार भरतो कोण? महिन्याला १०,००० च्या वर पगार असलेला प्रत्येक पुरुष, आणि २५,००० च्या वर पगार असलेली प्रत्येक स्त्री. आमच्या बिल्डिंगच्या गेटवरचा सुरक्षारक्षक अडीच हजार भरतो, मी अडीच हजार भरतो, आमचा पन्नास लाख पॅकेजवाला आर्किटेक्टही अडीच हजारच भरतो. 'ज्याच्याकडे आहे त्यानं भरावं' असं म्हणून बसवलेल्या कराचं पन्नास वर्षांत हे झालं आहे. जेवणाच्या टेबलावर हे सांगितलं तेव्हा सगळे क्षणभर गप्प झाले. मग कुणीतरी म्हणालं, "वाढवू नका म्हणजे झालं."

२००५मध्ये केंद्रानं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, आपल्या कायद्यावरूनच. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. महाराष्ट्रात दिवसांची मर्यादा नव्हती. आपला कायदा नव्या चौकटीत बसवून घेतला गेला आणि १०० दिवसांच्या पुढचा भार राज्यानं उचलायचा असं ठरलं. मजुरीचा मुख्य पैसा दिल्लीहून यायला लागला आणि त्याबरोबर मुंबईतल्या अर्थसंकल्पातून रोजगार हमी हा विषयच हळूहळू बाहेर पडला. दिल्लीतही त्याचं फार काही चाललेलं नाही. १ फेब्रुवारी २०२५ला मनरेगासाठी ८६,००० कोटी ठेवले, त्याआधीच्या वर्षी होते तेवढेच. मजुरी वाढते, महागाई वाढते आणि रक्कम तीच, म्हणजे दिवस कमी. १९८८ची तीच युक्ती, फक्त आकडे मोठे.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं: रोजगार हमी हा हक्क, लाडकी बहीण ही मेहेरबानी. एकीला कायदा आहे, स्वतःचा कर आहे. दुसरी शासन निर्णयावर चालते, तिला वेगळा पैसा नाही, ती ज्या कलमानं आली त्याच कलमानं आखडता येते. छाननीत नाव गेलं तर बाईनं कुठल्या कायद्याखाली दाद मागायची? हे मत घेऊन मी मागच्या शनिवारी गावी गेलो आणि आत्यापुढे बोलून बसलो.

आत्या पंचावन्नची. नवरा गेल्यापासून माहेरीच असते. तिला लाडक्या बहिणीचे पैसे मिळतात, आणि तरुणपणी ती पाच-सहा वर्षं रोजगार हमीवर जायची. तिनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाळा, तू रोजगार हमीवर कधी गेलास का?"

मी काय बोलणार.

"हजेरी मांडायला मुकादमाच्या मागं फिरायचं. मोजाय सायेब येनार तर आठ-आठ दिस येत न्हाई. पगार म्हैन्यानं, दोन म्हैन्यानं. त्यात बी ह्याला दे, त्याला दे. हितं फोनात मेसेज येतो, पैसं आलं. कुनाम्होरं उभं ऱ्हावं लागत न्हाई. उद्या बंद करतील ते करूंद्यात. आज तरी माज्या नावावर येत्यात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. हक्क मागण्यासाठी ज्या माणसासमोर उभं राहावं लागतं, त्याच्यापासून सुटका करून देणारी मेहेरबानी तिला जास्त सन्मानाची वाटते. पुण्यात बसून कायद्याची कलमं वाचताना हा मुद्दा माझ्या लक्षातही आला नव्हता. आजी कॉटवर पडल्या पडल्या ऐकत होती. तिला लाडकी बहीण नाही, वय पासष्टच्या पुढे. ती मधेच म्हणाली, "पंधराशे ग्वाडच हायती. पन आमच्या येळला त्ये काम न्हवतं तर समदी मेलो आस्तो."

दोघींचंही खरं आहे. आणि मार्चच्या अर्थसंकल्पात या दोघींपैकी एकीचीच बाजू चर्चेत होती. लाडकी बहीणचे एकवीसशे करायचे की नाहीत यावर रोज संध्याकाळी टीव्हीवर भांडण होतं. रोजगार हमीवर राज्यानं काय ठेवलंय, व्यवसाय करातून किती आले आणि त्यातले कशावर गेले, हे विचारणारं कुणी नव्हतं. मला विचाराल तर दोन मागण्या आहेत, दोन्ही रक्कम वाढवण्याच्या नाहीत. एक, लाडकी बहीणचा कायदा करा: कोण पात्र, नाव काढण्याआधी नोटीस, दाद कुणाकडे, पैसा कुठून, सगळं त्यात लिहा. आणि दोन, व्यवसाय कराचा हिशेब दरवर्षी वेगळ्या पानावर छापा. १९७५ साली ज्यांनी कर बसवला त्यांनी आपल्याला कारण सांगितलं होतं. आता स्लिपवर फक्त पीटी लिहिलेलं असतं.

रविवारी रात्री चुलतभाऊ म्हणाला की तोही जानेवारीत काम मागायला गेला होता. डाळिंब गेल्यापासून तो मिळेल ते करतो: ऊस तोडतो, ट्रॅक्टर चालवतो. त्याला तोंडी उत्तर मिळालं होतं, "सध्या साइटवर काम नाही, निघालं की कळवू." मागणीचा अर्ज घेतलाच नव्हता. आणि अर्ज नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे पंधरा दिवस सुरू होत नाहीत, भत्त्याचा प्रश्नच नाही. वरच्या तक्त्यात त्या गावात काम मागणारे शून्य. १९८८मध्ये हे कसं झालं असेल ते मला त्या वाक्यात दिसलं.

सोमवारी, २४ फेब्रुवारीला, मी सुट्टी टाकली. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून नमुना ४ची प्रिंट काढली, भावानं भरली, खाली सही केली, जॉबकार्डाची झेरॉक्स जोडली. आम्ही दोघं गेलो. टेबलामागच्या माणसानं अर्ज हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "ठेवा, बघतो." भाऊ निघायला वळला. मी म्हटलं, "पोच द्या की." तो म्हणाला, "पोच कशाला? गावातलीच माणसं आपण." मी म्हटलं, "नमुना ५ असतो ना, तारखेसकट." त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे, मग ड्रॉवर उघडून बराच वेळ काहीतरी शोधलं. छापील नमुना सापडला नाही. शेवटी आमच्याच अर्जाच्या झेरॉक्सवर त्यानं 'मिळाला' असं लिहून तारीख घातली. शिक्का मारला नाही. शाई संपली होती म्हणाला.

भावानं त्या कागदाचा फोटो काढून मला पाठवला. २४ तारखेपासून पंधरा दिवस मोजले तर ११ मार्च येतो, अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावलाय. शुक्रवारी पगार झाला. स्लिपवर पीटी तीनशे.